विश्वासू नोकर की हक्कदार कामगार?

अमेरिकेतील कचेऱ्यांमध्ये 'विश्वास' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. मालक आणि कर्मचारी यांच्यातील परस्परविश्वास कसा वाढवावा यावर शिबिरे भरतात, व्याख्याने झडतात, भिंतींवर सुवचने लागतात. 'आपण सारे एक कुटुंब आहोत' असे व्यवस्थापक सोमवारी सांगतो आणि शुक्रवारी त्याच कुटुंबातील चार जणांच्या हाती पुठ्ठ्याचा खोका देऊन त्यांना लिफ्टपर्यंत पोहोचवले जाते. जर्सी सिटीच्या नदीकाठी, एक्स्चेंज प्लेसच्या उंच इमारतींत नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी बांधवांनी हे दृश्य पाहिले आहे. काहींनी तो खोका स्वतः उचललेला आहे. करार नसेल आणि भेदभाव वा सूडबुद्धी सिद्ध होत नसेल, तर न्यू जर्सीत मालक कोणतेही कारण न सांगता नोकराला घरी पाठवू शकतो. ज्याच्यावर कारण सांगण्याचेही बंधन नाही त्याने समोरच्याकडे विश्वासाची मागणी करावी, हा विनोद आहे. आपण तो गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो याचे अधिक वाईट वाटते.

वाईट वाटते, कारण विश्वासाच्या या भाषेशी आपला परिचय आजचा नाही. आपल्या आजा-पणज्यांइतके विश्वासू नोकर या भूतलावर क्वचितच कोणी असतील. गावाचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवायचा तो महाराने. पैशाची पिशवी त्याच्या खांद्यावर देताना गावाला भय वाटत नसे. शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. रात्री वेस राखायची त्याने, मयताचा सांगावा परगावी न्यायचा त्याने, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहायचे त्याने. खजिना, शीव आणि वेस ज्याच्या हवाली, त्याच्या स्पर्शाने पाणी मात्र बाटत असे! म्हणजे विश्वास होता, पुरेपूर होता. नव्हता तो हक्क. कामाचे तास ठरलेले नव्हते, कामांची यादी ठरलेली नव्हती. बाप परगावी गेला असेल तर त्याच्या जागी मुलाला उभे राहावे लागे. मोबदला म्हणजे बलुते, इनामाचा तुकडा आणि दारोदार मागितलेली भाकर. बलुते कमी पडले तर विचारायचे कोणाला? देणारा 'मायबाप' होता, आणि मायबापाकडे कोणी हिशेब मागत नाही.

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्या विधेयकाकडे आपण वतनमुक्तीच्या लढ्याचा एक टप्पा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मालक-नोकर संबंधांचा पाठ म्हणूनही ते वाचण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी महारांवर अधिक माया करावी असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. महारांनी अधिक निष्ठेने राबावे, म्हणजे गावाचे मन वळेल, असेही म्हटले नाही. कामे निश्चित करा, मोबदला निश्चित करा, आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे होऊ द्या, असा त्यांचा रोख होता. मायेचा विषय त्यांनी गावावर सोडला. नियमाचा विषय मात्र विधिमंडळात नेला. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. ही वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, आणि ते पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्या आपल्या माणसाला वाटले, यंत्राला जात नसते. यंत्राला नसेल, पण खात्याला होती. विणकाम खात्यात मजुरी चांगली. तेथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. गिरणीमालकाने हात वर केले: ही कामगारांची आपसातील बाब आहे, आमचा त्यात काय संबंध? १९२८ च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपात पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली, आणि विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना उघडा ही मागणी बाबासाहेबांना आग्रह धरून पुढे आणावी लागली. कामगारांच्या एकीवर ज्यांची सारी भिस्त होती त्यांना ही मागणी आपणहून सुचू नये, हे चिंतनीय आहे. 'आमचा त्यात काय संबंध' हे मालकाचे वाक्य मात्र लक्षात ठेवावे. नव्वद वर्षांनी ते आपल्याला पुन्हा ऐकायचे होते, आणि तेही कॅलिफोर्नियात.

ही सारी मुंबई इलाख्याची जुनी कहाणी आहे, अमेरिकेत तिचे काय, असे म्हणून कोणी ती बाजूस सारू नये. ज्या जर्सी सिटीत आपण घरे केली तिचाच इतिहास पाहावा. १९१७ पासून १९४७ पर्यंत, तब्बल तीस वर्षे, फ्रँक हेग हा येथील महापौर होता. कारखानदारांना शांत शहर मिळावे म्हणून त्याने कामगार संघटनांची नाकेबंदी केली. १९३७ च्या अखेरीस 'सीआयओ' या कामगार महासंघाचे कार्यकर्ते येथे पत्रके वाटायला आले, तेव्हा पोलिसांनी त्यांची पत्रके हिसकावली, सभांना परवानगी नाकारली आणि कित्येकांना धरून हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कला रवाना केले. शहरात शांतता होती, नाही असे नाही. ५ जून १९३९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेगविरुद्ध निकाल दिला: सार्वजनिक जागी जमून बोलण्याचा व पत्रके वाटण्याचा नागरिकांचा हक्क शहराला असा हिरावून घेता येणार नाही.

याच सुमारास तिकडे मुंबईत काय चालले होते? प्रांतिक काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्याचे विधेयक आणले होते. तडजोडीची लांबलचक पायरी ओलांडल्याखेरीज संप केला तर तो गुन्हा, असा त्याचा आशय. मालक व मजूर यांच्यात सलोखा नांदावा हाच हेतू असल्याचे सांगितले जात होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यावर कडाडून हल्ला चढविला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवून आणला. ज्या माणसाला काम नाकारण्याचा हक्क नाही त्याच्याशी झालेला सलोखा हा सलोखा नसून दास्य आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. हडसनच्या काठी आणि अरबी समुद्राच्या काठी एकाच वेळी एकच प्रश्न उभा होता: शांततेची व्याख्या कोणी करायची?

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि विरोधी बाकावरून बोललेले आता अमलात आणण्याची वेळ आली. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांना समान पातळीवर एका मेजाभोवती बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या कारकिर्दीत रुजल्या. मालकांनी कामगार संघटनेला मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक त्यांनी १९४३ साली मांडले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. येथे बारकाईने पाहिले तर ध्यानात येईल की विश्वास वाढविण्याचे खरे काम याच रीतीने होते. समोरचा माणूस आपल्याला फसवू शकणार नाही अशी व्यवस्था असेल, तरच त्याच्या शब्दावर भरवसा ठेवणे परवडते. घड्याळ, वेतनपत्रक, संघटना, तक्रारीची दाद या गोष्टी असतील तेथे विश्वास वाढीस लागतो. त्या नसतील तेथे जे नांदते त्याला भीती म्हणतात, आणि भीती पुष्कळदा निष्ठेसारखीच दिसते.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. ३० जून २०२० रोजी त्या राज्याच्या न्याय्य रोजगार खात्याने सिस्को या कंपनीवर व तिच्या दोन भारतीय अभियंत्यांवर दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याची जात त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांत उघड केली, त्याने तक्रार केली तेव्हा त्याला एकटे पाडण्यात आले, आणि जातिभेद बेकायदेशीर नाही असे उत्तर कंपनीच्या मनुष्यबळ खात्याकडून मिळाले, असे दाव्यात म्हटले होते. कंपनीने आरोप नाकारले. दोघा अभियंत्यांवरील दावा राज्याने एप्रिल २०२३ मध्ये स्वतःहून मागे घेतला, हेही येथे नमूद केले पाहिजे. अर्धी बातमी सांगणे आपल्याला शोभत नाही. परंतु दाव्याचे भवितव्य काहीही असो, 'जात आमच्या नियमावलीत नाही' हा त्यातील सूर गिरणीमालकाच्या सुराशी किती जुळतो! नियमावलीत शब्द नसला की अन्याय घडलाच नाही, असे मानण्याची ही सोय आहे.

म्हणूनच तो शब्द नियमावलीत यावा यासाठी आपली माणसे झटली. ॲपल कंपनीने २०२० साली आपल्या धोरणात जातीचा उल्लेख केला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटल नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र राज्यपालांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी परत पाठविले, कारण त्यांच्या मते आहे तो कायदा पुरेसा होता. आपल्यातीलच काही सुशिक्षित म्हणतात, 'कशाला हा विषय परदेशात? येथे आपण सारे भारतीय.' १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणविणाऱ्या टोळीने भारतीयांवर हल्ले केले तेव्हा खरोखरच आपण सारे भारतीय होतो. दगड मारणाऱ्याने जात विचारली नव्हती. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत आडनावावरून, गावावरून, प्रवेशपरीक्षेतील क्रमांकावरून जी चौकशी होते, ती दगड मारणारा करीत नाही.

आपल्या राज्यातील रॉबिन्सव्हिलचे प्रकरण याहून अधिक बोलके आहे. ११ मे २०२१ रोजी तेथील स्वामीनारायण मंदिराच्या बांधकामावर केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी पोहोचले, आणि त्याच दिवशी न्यायालयात कामगारांच्या वतीने फिर्याद दाखल झाली. धार्मिक व्हिसावर आणलेल्या, बव्हंशी दलित असलेल्या कारागिरांकडून तासाला सुमारे १.२० डॉलरवर काम करवून घेतले, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, असे फिर्यादीत म्हटले होते. संस्थेने हे आरोप नाकारले. ही माणसे स्वेच्छेने सेवा करीत होती, असे तिचे म्हणणे पडले. काही फिर्यादींनी पुढे माघार घेतली आणि २०२५ साली केंद्रीय सरकारची चौकशी आरोपपत्राविना बंद झाली. कोर्टाचे कोर्टाकडे. आपल्याला थबकायला लावतो तो 'सेवा' हा शब्द. दगड घडविणे हा कारागिराचा व्यवसाय आहे आणि व्यवसायाला मजुरी असते. ती मजुरी ठरविण्याची वेळ आली की श्रद्धेची भाषा सुरू होते, हा अनुभव आपल्या पूर्वजांनी पुष्कळ घेतला आहे.

येथवर वाचकांनी मान डोलावली असेल. दुसऱ्याच्या घरातील जाळी झाडणे सुखाचे असते. आता आपल्या घराकडे येऊ.

१२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी आणलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात तासाला ९.७५ डॉलर वेतन दाखविले, प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या करारान्वये महिना ३०,००० रुपये ठरविले, असा सरकारी वकिलांचा आरोप होता. श्रीमती खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. त्यांना राजनैतिक संरक्षण मिळाले, त्या भारतात परतल्या. मार्च २०१४ मध्ये न्यायाधीशांनी संरक्षणाच्याच मुद्द्यावर खटला रद्द केला. दोन दिवसांनी नवे आरोपपत्र आले, पण पुराव्याची छाननी करणारी सुनावणी कधी झाली नाही. म्हणून त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. एका महिला अधिकाऱ्याची विवस्त्र झडती घेणे ही विटंबना होती, आणि तिचा निषेध झाला तो योग्यच झाला. आपल्या लेकीचा अपमान म्हणून आपण संतापलो यातही काही गैर नव्हते.

पण त्या संतापात दुसरी बाई कोठे गेली? आपल्या बैठकांतून, ठरावांतून, दिवाणखान्यांतून तिच्या वेतनाविषयी, तिच्या तासांविषयी किती जणांनी विचारले? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात काम केले त्याने प्रथम तिची बाजू ऐकायला हवी होती, मग आपल्या अधिकाऱ्याची. तसे झाले नाही. मालकाच्या खुर्चीत आपले माणूस बसले की आपली दृष्टी बदलते, एवढे तरी त्या हिवाळ्यात दिसून आले. तो प्रश्न एका घराचा नव्हताच. कचेरीत दाखवायचा एक कागद आणि घरात पाळायचा दुसरा बोल, ही रीत अनिवासी भारतीयांच्या संसारात अपरिचित नाही.

आज आपल्यातील अनेक जण मालक आहेत. कोणाचा पेट्रोल पंप आहे, कोणाचे किराणा दुकान, कोणाची संगणक क्षेत्रातील लहानशी कंपनी, आणि ज्याचे काहीच नाही त्याच्याही घरी मूल सांभाळायला बाई येते. एच-१बी व्हिसावर आलेल्या मुलाचे या देशातील वास्तव्यच मालकाच्या हातात असते. नोकरी सुटली तर २०१७ च्या नियमानुसार त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. प्रकल्प नाही म्हणून त्याला बिनपगारी बसवून ठेवणे कायद्याने मना आहे, तरी 'बेंच'वर बसलेल्या पोरांच्या कहाण्या आपण ऐकतोच. आणि त्यांच्या मालकांची आडनावे नेहमीच परकी नसतात. 'आपलाच माणूस आहे, लिहून कशाला द्यायचे?' हे वाक्य मी जय भीम म्हणणाऱ्या तोंडून ऐकले आहे. आपल्याच माणसाला तर आधी लिहून द्यावे! परक्याशी तो भांडू शकतो. तुमच्याशी भांडताना त्याला समाजाची, विहाराची, गावाकडच्या नात्याची भीड पडते. ती भीड मालकाच्या फायद्याची असते, आणि मालकाला हे ठाऊक असते.

धंदा लहान आहे, नफा थोडा आहे, हे म्हणणे मी खोटे मानीत नाही. परंतु जर्सी सिटीने २०१३ साली न्यू जर्सीत सर्वप्रथम पगारी आजारी रजेचा ठराव केला तेव्हाही दुकाने बुडतील असे म्हणणारे होतेच. २०१८ मध्ये तशी रजा साऱ्या राज्यात लागू झाली. दर तीस तासांच्या कामामागे एक तास, वर्षाला चाळीस तासांपर्यंत. नेवार्क ॲव्हेन्यूवरील दुकाने त्यानंतरही चालत राहिली. १ जुलै २०२४ पासून न्यू जर्सीत घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा अमलात आला. लेखी करार, विश्रांतीची वेळ, आणि कामगाराची मूळ कागदपत्रे मालकाने स्वतःकडे न ठेवणे, हे त्यात आहे. आपल्या किती घरांतून असा करार झाला?

धम्माच्या दृष्टीने पाहायचे तर दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहस्थांच्या विनयात मालक आणि नोकर यांच्या कर्तव्यांना जागा दिली ती त्याच्याच आधारे. त्यात क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम मालकाची पाच कर्तव्ये येतात: शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळोवेळी रजा. अशा रीतीने ज्याची काळजी घेतली गेली त्या नोकराची कर्तव्ये त्यानंतर. नोकराने मालकाच्या आधी उठावे व नंतर निजावे असेही तेथे सांगितले आहे. ते त्या काळाचे झाले, आणि आठ तासांच्या दिवसाचा पुरस्कार करणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना त्यात अडखळण्याचे कारण नाही. क्रम मात्र आजही तोच हवा. आरंभ वरून व्हायचा आहे.

नोकराने फसवू नये, हे वेगळे सांगायला नको. न दिलेले न घेण्याचे शील दोघांनाही सारखेच लागू आहे. न केलेल्या तासांची नोंद करणारा ते मोडतो, आणि केलेल्या तासांचे पैसे दाबून ठेवणाराही मोडतो. फरक एवढाच की पहिल्याला दुसऱ्याच दिवशी काढून टाकता येते. दुसऱ्याला कोण काढणार?

या कारणास्तव मी आपल्या संघटनेपुढे एक सूचना ठेवीत आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि स्पॅनिश या चार भाषांत दोन पानांचा एक करारनमुना संघटनेने तयार करावा. हडसन परगण्यात मुले सांभाळणाऱ्या व घरे झाडणाऱ्या कितीतरी बायकांची भाषा स्पॅनिश आहे, म्हणून ती हवीच. कामाची यादी, रोजचे तास, तासाचा दर, पगाराचा वार, रजा आणि काम सोडताना किंवा सोडविताना द्यायची मुदत एवढे त्यात असावे. दर लिहिताना राज्याचे किमान वेतन पाहून लिहावा. १ जानेवारी २०२५ रोजी बहुतेक कामगारांसाठी ते १५.४९ डॉलर झाले. कार्यकारिणीच्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे कोणी ना कोणी कामाला आहे त्यांनी हा करार प्रथम आपल्या घरी व दुकानी करावा. १४ एप्रिलच्या जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जे आचारी आपण आणतो, सभागृह झाडायला जी माणसे रात्री उशिरापर्यंत थांबतात, त्यांच्यासाठीही तो वापरावा. आजवर त्यांचे पैसे आपण कार्यक्रम संपल्यावर, दमलेल्या अवस्थेत, घासाघीस करून चुकते करीत आलो आहोत. कच्चा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो वार्षिक हिशेबाच्या आधी घ्यावा, अशी माझी विनंती आहे.